आमच्या मॅन्युअलमधला बॉयलर

परवा प्रमाणपत्र आलं. आयएसओ 14001:2015, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक, त्याखाली आमच्या फर्मचं नाव, आणि व्याप्तीच्या रकान्यात एकच ओळ: ग्राफिक डिझाइन सेवा व कार्यालयीन कामकाज. म्हापशात बाजारापासून दोन गल्ल्या आत, एका जुन्या घराच्या माडीवर आम्ही सहाजण बसतो. खाली घरमालक, वर आम्ही, आमच्यावर मंगळुरी कौलं. एवढ्याशा जागेचं कसलं आलंय पर्यावरण व्यवस्थापन, असं घरमालकांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं.

खरं सांगायचं तर पर्यावरणाचा कळवळा येऊन आम्ही यात पडलो नाही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतलं एक गिऱ्हाईक आहे, त्यांचा माल परदेशी जातो. त्यांनी सगळ्या पुरवठादारांना एक फॉर्म पाठवला. त्यात प्रश्न होता: आपल्याकडे आयएसओ 14001 आहे का? ‘नाही’वर खूण केली तर पुढे कारणं लिहायला अर्धं पान रिकामं. ते अर्धं पान भरण्यापेक्षा प्रमाणपत्र घेतलेलं बरं, असं मला वाटलं. तेव्हा वाटलं होतं.

सुरुवात सल्लागारापासून झाली. त्यांनी आठवड्याभरात दीडशे पानांचं मॅन्युअल पाठवलं. मला बरं वाटलं, कारण जाडजूड होतं. मग एका दुपारी वाचायला बसले. सदतिसाव्या पानावर लिहिलं होतं की बॉयलर ऑपरेटरने दर पाळीला दाबाची नोंद ठेवावी. पुढे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, चिमणीची उंची, वगैरे. आमच्याकडे उकळणारी वस्तू म्हणजे चहाची इलेक्ट्रिक किटली. दुसऱ्या कुणाचं तरी मॅन्युअल नाव बदलून आमच्या गळ्यात मारलं होतं. अ‍ॅडव्हान्स गेला तो गेलाच. मग मी मूळ मानक विकत घेतलं आणि पहिल्यापासून वाचलं.

वाचल्यावर कळलं की ते तसं अवघड नाही. 1996 साली पहिल्यांदा आलं, 2004 आणि 2015 मध्ये सुधारलं, आणि 2024 मध्ये हवामान बदलाचा विचार करा अशी दोन वाक्यांची भर पडली. किती प्रदूषण चालेल याचा आकडा त्यात कुठेच नाही. तुमच्या कामामुळे काय काय होतं ते शोधा, त्यातलं मोठं कोणतं ते ठरवा, कायदे कोणते लागतात ते बघा, काहीतरी कमी करायचं ठरवा आणि वर्षभराने खरंच कमी झालं का ते तपासा, एवढंच. आणखी एक गंमत म्हणजे आयएसओ, म्हणजे हे मानक काढणारी संस्था, स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. ते काम वेगळ्या प्रमाणन संस्थांचं. त्यांचे ऑडिटर दोन टप्प्यांत येतात, आधी कागद बघतात, मग काम. प्रमाणपत्र तीन वर्षांचं, दरम्यान दरवर्षी पुन्हा तपासणी.

आम्ही आमच्या परिणामांची यादी करायला बसलो. डिझायनर माणसं, त्यामुळे पहिल्याच दिवशी ‘कागद वाचवा’ असे सुरेख स्टिकर तयार झाले आणि प्रिंटरवर, दारावर, बाथरूममध्येही लागले. बाथरूममध्ये का, ते विचारू नका. मग हिशेब काढला तर महिन्याला जेमतेम एक रीम कागद लागतो, म्हणजे अडीच किलो. स्टिकरच जास्त झाले होते.

खरा चोर पावसाळ्यात सापडला. गोव्यातला पावसाळा बघितलेल्यांना सांगायला नको, जूनपासून चपलांना बुरशी येते आणि कागद पापडासारखा मऊ पडतो. ओलसर कागद प्रिंटर दोन-दोन ओढतो आणि मध्येच अडकतो. म्हणून कधीकाळी कुणीतरी कागदाच्या खोलीतला एसी रात्रीही चालू ठेवायला सुरुवात केली होती, आणि ती ऑफिसची रीतच होऊन बसली होती. आमच्या अकाउंट्सच्या पोराने आठवडाभर निघताना आणि सकाळी आल्यावर मीटरचा आकडा लिहून ठेवला. फ्रिज आणि राउटर वजा करून रात्रीला सात युनिट! चार महिन्यांचे साडेआठशेच्या आसपास. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे कागद कोरडा ठेवायला सहाशे किलो.

उपाय सफाईला येणाऱ्या मावशींनी सांगितला. त्यांच्या एका जुन्या मालकिणीकडे चांगल्या साड्यांच्या कपाटात बारका बल्ब सतत जळत असायचा. आम्ही एका लोखंडी कपाटात 15 वॅटचा बल्ब लावला, रीम आत ठेवले, बल्बपासून हातभर लांब. महिनाभर रात्रंदिवस जळाला तरी अकरा युनिट होत नाहीत. त्या पावसाळ्यात कागद दोनदाच अडकला, आणि त्यातल्या एकदा तो मीच उलटा घातला होता. दिवसाचे एसी 20 वरून 25 वर नेले, त्यावरून मात्र आठवडाभर तोंडं फुगली. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं की एका अंशाला सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते. हे खिडकीपाशी उन्हात बसणाऱ्याला सांगून उपयोग नाही, त्याला पंखा द्यावा लागतो. दिला.

बाकी कामं पटापट झाली. इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या, मेलेले मॉनिटर, टोनरच्या नळ्या: 2022 च्या बॅटरी आणि ई-कचरा नियमांप्रमाणे कुठे जायला हव्यात ते शोधलं, पावत्या घेऊन फाइलला लावल्या. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

कायद्यांची यादी करतानाच एक ओळ मला टोचली होती. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिकच्या वस्तू बंद झाल्या, त्यात स्ट्रॉ, काटे-चमचे आहेत, आणि 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही आहेत. नेहमीचा फ्लेक्स त्याहून जाड असतो, म्हणून तो सुटतो. पातळ असता तर बंद झाला असता, जाड आहे म्हणून चालतो! मी ती ओळ यादीत लिहिली, पुढे ‘लागू नाही’ असा शेरा मारला आणि पान उलटलं.

ऑडिटरनी ते पान बरोबर उघडलं. साठीचे गृहस्थ, हळू बोलणारे, चहा बिनसाखरेचा. कपाटातला बल्ब बघून खूश झाले, आणि मी थोडी हवेत असतानाच म्हणाले, “मॅडम, तुमच्या सगळ्या यादीत ऑफिसच्या आतल्याच वस्तू आहेत. तुम्ही विकता काय?”

मी म्हटलं, “डिझाइन. फाइल पाठवतो. छपाई गिऱ्हाईक बाहेरून करून घेतं.”

“आणि फाइल कशावर छापायची, केवढी छापायची, हे कोण ठरवतं?”

आम्हीच ठरवतो. मानकात ‘जीवनचक्राच्या दृष्टीने’ असा शब्द आहे: जे तुमच्या ताब्यात आहे तेवढंच बघू नका, जिथे तुमचा शब्द चालतो तेही बघा. मी तो शब्द वाचला होता, पण कारखान्यांसाठी असेल म्हणून सोडला होता, बॉयलरसारखा. ते म्हणाले, मागच्या चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं, एखादं काम काढा. काढलं. शुभेच्छांचे चाळीस फ्लेक्स, वीस फूट बाय दहा फूट. त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. एक फ्लेक्स साडेअठरा चौरस मीटर, चौरस मीटरला 300 ग्रॅम धरला तर साडेपाच किलो. चाळीसांचे 220 किलो. म्हणजे आमच्या ऑफिसात सात वर्षांत जेवढा कागद लागतो, तेवढं प्लास्टिक एका गिऱ्हाईकाच्या एका चवथीत खांबांवर चढलं, आणि त्याची फाइल आमच्या ऑफिसातून गेली. समोरच्या दारावर ‘कागद वाचवा’.

किरकोळ त्रुटी म्हणून त्यांनी नोंद केली. किरकोळ हा त्यांचा तांत्रिक शब्द.

सुधारणेसाठी मुदत मिळाली. आता आमच्या प्रत्येक कोटेशनमध्ये तीन ओळी असतात: कापडी बॅनरचा पर्याय आणि त्याचा दर, बॅनरवर साल छापायचं की नाही, आणि उतरवायची जबाबदारी कुणाची. साल न छापण्याची युक्ती मला फार हुशारीची वाटली होती, शुभेच्छा काय दरवर्षी त्याच. पण पहिलंच राजकीय गिऱ्हाईक हसलं. “मॅडम, साल नका घालू, चालेल. पण पुढच्या वर्षी मी कुठल्या पक्षात असेन ते तुम्ही सांगा, म्हणजे चिन्हही आताच छापतो.” गोव्यात यावर बोलायची सोय नाही. त्यांनी शेवटी फ्लेक्सच घेतले, पण चाळीसऐवजी पंचवीस. दुसरे एक जण कापडावर तयार झाले, दर ऐकून परत फिरले, आणि गेले ते दुसऱ्या डिझायनरकडेच गेले. डिचोलीच्या एका देवस्थान समितीने मात्र साल न घातलेले सहा कापडी बॅनर केले आणि जत्रेनंतर घडी घालून ट्रंकेत ठेवले. अध्यक्षांनी मला ट्रंकेचा फोटो पाठवला, नॅप्थलीनच्या गोळ्यांसकट.

उतरवलेले फ्लेक्स परत घेण्याचंही आम्ही लिहून दिलं होतं. आतापर्यंत नऊ आलेत, जिन्याखाली गुंडाळून पडलेत, घरमालक रोज विचारतात. परवा मावशी त्यातला एक ओढून बघत होत्या. “बाय, हो हांव व्हरूं?” पावसाआधी लाकडांवर घालायला हवा होता त्यांना. मी दोन दिले. मग नोंदवही काढली, ‘पुनर्वापर, 2 नग’ लिहिलं. शेवटच्या रकान्यात ‘अंतिम विल्हेवाट’ असं छापलंय. मावशींना विचारलं, हा फाटला की पुढे काय करता?

“न्हाणीत चूल पेटवायला,” मावशी म्हणाल्या, “बरं पेटतं.”

दोन्ही परत घेतले. लाकडांसाठी त्यांना बाजारातून ताडपत्री आणून दिली. तीही प्लास्टिकचीच.