आमची वाटचाल: सोनोग्राफीच्या प्रोबपासून रक्तवाहिन्यांच्या फँटमपर्यंत

आमचा गाळा भोसरीत आहे. सुरवात झाली सोनोग्राफीचे प्रोब, म्हणजे पेशंटच्या अंगावर फिरवतात तो दांडा, रिपेअर करण्यापासून, म्हणजे केबल तुटली, पुढचं रबर सुटलं, एखादा एलिमेंट डेड झाला की नगर-सोलापूरपर्यंतचे सर्व्हिस इंजिनिअर आमच्याकडे पाठवायचे, आणि हे काम अजूनही चालू आहे, गाळ्याचं भाडं आणि पोरांचे पगार त्यावरच निघतात.

फोटोअकूस्टिकचं, म्हणजे उजेड टाकून निघणाऱ्या आवाजाने शरीराच्या आतलं चित्र काढायच्या तंत्राचं, काम आलं ते कोविडच्या आधी, एका रिसर्च लॅबमधल्या मॅडमकडून. त्यांना मशीन तपासायला हवा होता फँटम, म्हणजे मांसासारखा वागणारा ठोकळा, त्यात बारीक नळ्या आणि नळ्यांत रक्तासारखा रंग. हे इमेजिंग थोडक्यात असं की लेसरचा काही नॅनोसेकंदांचा झटका त्वचेवर द्यायचा, रक्तातलं हिमोग्लोबिन तो उजेड शोषून घेतं, तापमान डिग्रीच्या हजाराव्या भागाइतकं वाढतं, तेवढ्यानेही रक्त किंचित प्रसरण पावतं आणि अल्ट्रासाउंड निघतो, तो प्रोबने पकडायचा. ग्रॅहम बेलने १८८० साली उजेडातून आवाज निघतो हे दाखवलं होतं, टेलिफोनवाला तोच. एक्स-रे नाही, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन नाही, आणि उजेडाच्या दोन वेगळ्या वेव्हलेंथ (तरंगलांबी) वापरल्या तर रक्तात ऑक्सिजन किती याचाही अंदाज येतो, कारण ७५० नॅनोमीटरला ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन जास्त शोषतं आणि ८५० ला ऑक्सिजनवालं. अमेरिकेत २०२१ मध्ये स्तनाच्या गाठी तपासायच्या अशा एका मशीनला एफडीएची, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरीसुद्धा मिळाली.

लॅबमध्ये अगरचे (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाचे) ठोकळे करतात, स्वस्त पडतात, पण ते सुकतात, बुरशी धरतात, आज घेतलेलं रीडिंग काही महिन्यांनी त्याच ठोकळ्यावर परत घेता येत नाही. म्हणून आम्ही मिनरल ऑइलमध्ये पॉलिमर गरम करून विरघळवायला लागलो, त्यात उजेड विखुरण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड. खरी परीक्षा बुडबुड्यांची. एवढासा बुडबुडा राहिला तरी अल्ट्रासाउंड त्यावर आपटून परततो आणि इमेजमध्ये नसलेली रेघ दिसते. आमचे जुने फोरमन काका व्हॅक्युममधून काढलेला प्रत्येक ठोकळा टॉर्चसमोर धरून फिरवून बघतात, त्यांनी नाही म्हटलं की तो ठोकळा परत वितळवायचा, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो.

पण मला जे मनापासून सांगायचंय ते वरच्या थराबद्दल. बऱ्याच फँटममध्ये त्वचेचा थरच नसतो. माणसाच्या त्वचेत तिला रंग देणारं मेलॅनिन असतं आणि तेही उजेड शोषतं, त्वचा जितकी सावळी तितका उजेड वरच संपतो. आमच्या टेस्टमध्ये हे स्कोपवर, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या स्क्रीनवर, सरळ दिसतं: आधी त्वचेची उडी, आणि नळी एक सेंटीमीटर खोल असेल तर साडेसहा-सात मायक्रोसेकंदांनी नळीची उडी. थर फिकट असला की दोन्ही नीट दिसतात, गडद थर लावला की पहिली उंच चढते आणि दुसरी बसते. नळी तीच, रंग तोच! कोविडमध्ये ऑक्सिमीटर घराघरात पोचले आणि २०२० च्या शेवटी अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की काळ्या पेशंटचा ऑक्सिजन कमी झालेला असूनही मशीन तो ठीक दाखवतं, आणि असं त्यांच्या बाबतीत गोऱ्या पेशंटपेक्षा जास्त वेळा घडत होतं. तीच गोष्ट या नव्या मशीनमध्ये व्हायला नको, आणि ती थांबवायची वेळ मशीन बनत असतानाच असते, दवाखान्यात पोचल्यावर नाही. शेतात राबलेल्या माणसाच्या हाताखालची रक्तवाहिनी पण तितकीच नीट दिसली पाहिजे. म्हणून आम्ही वेगवेगळ्या गडदपणाचे पातळ थर बनवतो, काढून दुसरा लावता येईल असे, म्हणजे खालचा ठोकळा न बदलता तुलना करता येते.

धंदा म्हणून सांगायचं तर ऑर्डरी थोड्या, सरकारी ग्रँटचे पैसे उशिरा, एका संस्थेचं बिल तर इतकं लटकलं की तेवढा वेळ मटेरियल उधारीवर आणावं लागलं. बायको हिशेब बघते, तिने प्रोबचं आणि फँटमचं खातं वेगळं केलं तेव्हा कुठे कळलं की फँटमचं काम स्वतःचा खर्च भागवतंय.

सध्या खऱ्या त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मेलॅनिन असलेल्या पापुद्र्याइतका, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, थर पातळ करायचं चाललंय. मधोमध जमतो, कडेला जाड होतो. साचा बदलून बघतोय, एकसारखा आला की पहिला सेट त्या मॅडमकडेच जाईल.