इयागोकडे पुरावा नाही, तरी ऑथेल्लो हरतो कसा?

हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. त्यामुळे सांगलीकडच्या नाटकवाल्यांना ही गोष्ट परकी नाही. एकांकिकेसाठी तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश उचलायचा मोह होतोच: सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचा इयागो त्याच्या मनात बायको डेस्डिमोना आणि कॅसिओ यांच्याबद्दल संशय पेरतो तो. पण इयागो करणारा पहिल्या वाक्यापासून डोळे बारीक करून कुजबुजायला लागला की प्रवेश पडलाच म्हणून समजा. एवढा उघड डाव ज्याला कळत नाही तो ऑथेल्लो प्रेक्षकांना बावळट वाटतो, आणि बावळट माणसाचं कुणाला दुःख होत नाही.

तालमीआधी संहिता आणि तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसा. मन वळवण्याचे तीन मार्ग अ‍ॅरिस्टॉटलने सांगून ठेवलेत: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. प्रत्येकाला एक रंग द्या. स्वगतं कोरी सोडा, तिथं कुणाचं मन वळवायचं नसतं.

सुरुवात पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशापासून करा. व्हेनिसच्या सभेत डेस्डिमोनाचा बाप ब्रॅबान्शिओ ओरडतोय की या माणसाने जादूटोणा करून माझी मुलगी पळवली. त्याच्याकडे संताप भरपूर, पुरावा शून्य. व्हेनिसचा प्रमुख, ड्यूक, त्याला तसं सुनावतोसुद्धा. ऑथेल्लोचं उत्तर मात्र वक्तृत्वाच्या वर्गात शिकवावं असं आहे. आधी आरोपातला खरा भाग तो बिनशर्त कबूल करतो: हो, नेली, लग्न केलं. मग म्हणतो, मी शिपाईगडी, मला गोड बोलता येत नाही. (हे वाक्यच किती गोड आहे बघा.) मग प्रेम कसं जमलं ते सांगतो. आणि ही गोष्ट सांगण्याआधीच त्याने मागणी करून ठेवलेली असते की डेस्डिमोनाला बोलवा, तिलाच विचारा, ती उलट बोलली तर माझं पद घ्या, जीव घ्या. या मागणीखाली जाड रेघ ओढा.

दुसऱ्या अंकात इयागो पत कमावतो. ऑथेल्लोचा दुय्यम अधिकारी कॅसिओ, त्याला दारू पाजून भांडण इयागोनेच लावलेलं. विचारणा झाल्यावर म्हणतो, कॅसिओचं वाईट बोलण्यापेक्षा माझी जीभ छाटलेली बरी. आणि लगेच सगळं सांगून मोकळा होतो. ऑथेल्लोला वाटतं, हा बिचारा मित्राला सांभाळून घेतोय. कॅसिओचं पद गेलं, इयागोची पत वाढली. कात्री लावताना हा तुकडा उडवला, तर पुढचा प्रवेश पायाशिवाय उभा करावा लागतो.

आता तिसरा अंक. इयागोची सुरुवातीची वाक्यं मोजून पाहा: एक अर्धवट उद्गार, एक साधा प्रश्न, मग ऑथेल्लोचेच शब्द परत त्यालाच. 'प्रामाणिक, महाराज?' 'वाटतं, महाराज?' इथं पॉज इयागोने खेचायचा नाही. तो पटकन बोलतो आणि गप्प बसतो. शांतता भरून काढायचं काम ऑथेल्लोचं. संशयापासून सांभाळा, हा सल्लाही इयागो आरोप करण्याआधीच देऊन टाकतो. जरा पुढे ऑथेल्लोचं एक वाक्य, निसर्ग वाट चुकला तर, असं अर्ध्यावर तुटतं. इयागो झडप घालून ते वर्ण आणि देश यांच्याकडे वळवतो. ऑथेल्लोची भीती त्याच्या स्वतःच्या तोंडून निघाल्यामुळे ती त्याला खरी वाटते.

ऑथेल्लो नरडं धरून डोळ्यांनी दिसेल असा पुरावा मागतो, तेव्हा इयागो आधी रुसतो: प्रामाणिक राहण्यात अर्थ नाही! पेन्सिलीचा पुन्हा तोच पहिला रंग. मग येतं कॅसिओचं स्वप्न, ज्याला साक्षीदार फक्त इयागो. हे नुसतं स्वप्नच हो, असं तोच म्हणतो, आणि स्वप्न खरं मानायचं काम ऑथेल्लो करतो. शेवटी रुमाल, ऑथेल्लोने डेस्डिमोनाला दिलेला. कॅसिओ त्याने दाढी पुसत होता, असं सांगतो तेव्हा रुमाल इयागोच्याच ताब्यात असतो. युक्तिवादाचा रंग इथं कुठं ठळक दिसायला लागतो, तोही खोटा. हा क्रम उलटा करून रुमाल आधी आणला तर प्रवेश पोलिसी चौकशीसारखा होतो.

चौथ्या अंकात एमिलिया, म्हणजे इयागोची बायको आणि डेस्डिमोनाची सोबतीण, नेमके प्रश्न विचारते: डेस्डिमोनाच्या सहवासात कोण असतं? कुठं, कधी? उलटतपासणी म्हणून यात खोट काढता येत नाही. पण समोर कोण, तर डेस्डिमोना आणि इयागो. ऑथेल्लोने त्याआधी एमिलियाला डेस्डिमोना आणि कॅसिओबद्दल विचारलेलं असतं. तिने साफ नाही म्हटलं, तर एवढं कुठलीही कुंटीण बोलेल असं तो ठरवून टाकतो. पत संपली की खरी साक्षही वाया जाते.

पाचव्या अंकात ऑथेल्लो जीव घ्यायला येतो तेव्हा डेस्डिमोना कॅसिओबद्दल म्हणते, त्या माणसाला बोलवा आणि विचारा. सभेत ऑथेल्लोने केलेलीच ही मागणी आहे. तुमची जाड रेघ इथं पुन्हा ओढा. ही ओळ रडत, हुंदके देत म्हटली की हरवते. साधी, स्पष्ट म्हणू द्या, कारण तिच्यापुरता हा युक्तिवाद आहे. ऑथेल्लो सांगतो की कॅसिओचं तोंड बंद झालंय, इयागोने तशी तजवीज केली आहे.