पट्ट्यावर देशाचे नाव असते

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो आहे. हा प्रश्न मला आजवर अनेकांनी विचारला: छापखान्यात लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन आलेल्या एका तरुणाने, टिळकवाडीतल्या एका निवृत्त गुरुजींनी, आणि मागच्या दिवाळीत फराळाचे ताट पुढे ठेवता ठेवता माझ्या वहिनीने. समलिंगी पुरुषांच्या ज्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, ज्यांत देशोदेशीचे तरुण छातीवर आपल्या देशाच्या नावाचा पट्टा लावून मंचावर चालतात, त्यांचा आणि तुमच्या हक्कांचा काय संबंध, असा तो प्रश्न. गुरुजींच्या स्वरात नाराजी होती, वहिनीच्या स्वरात काळजी होती. मी स्वतः समलिंगी आहे हे घरी आणि छापखान्यात सर्वांना ठाऊक असल्यामुळे प्रश्न माझ्याकडेच येतो, आणि उत्तर मात्र मी आजवर तुटक तुटक देत आलो.

आपल्या बेळगावात पुरुषाच्या देहाकडे मंचावर पाहणे मुळीच नवे नाही. तालमींचा हा प्रदेश आहे. येथे कुस्तीचे आखाडे भरतात, शरीरसौष्ठव स्पर्धांना सहकुटुंब गर्दी होते. मी बावीस-तेवीस वर्षांचा असताना माझा एक मित्र अशा स्पर्धेत उतरला होता आणि पडद्यामागे त्याच्या पाठीला रंग व तेल लावण्याचे काम माझ्याकडे होते. शिरा उठून दिसाव्यात म्हणून त्याने आदल्या दिवसापासून पाणी सोडले होते; त्याचे ओठ फुटले होते, आणि डिसेंबरच्या थंडीत त्याच्या उघड्या पाठीवरून माझा हात फिरत असताना खांद्याखालचा स्नायू एकसारखा थरथरत होता. तो मंचावर गेला तेव्हा मागच्या रांगांतून त्याच्या नावाआधी त्याच्या गावाचे नाव घुमले. त्याला पाचवा क्रमांक मिळाला, तरी दुसऱ्या दिवशी गावाने त्याला हलगी लावून वेशीतून आत नेले. तो कोणाच्या नावाने उभा राहिला होता, हे त्या गर्दीला देहाहून मोठे वाटले होते. मला या स्पर्धांचा अर्थ पहिल्यांदा तेथे कळला.

'मिस्टर गे वर्ल्ड' ही यांतली सर्वांत परिचित स्पर्धा २००९ मध्ये कॅनडातल्या व्हिसलर येथे सुरू झाली आणि पुढे ऑस्लो, मनिला, जोहान्सबर्ग, अँटवर्प, रोम अशी फिरत राहिली. तिच्यात पोहण्याच्या पोशाखाची फेरी आहे, राष्ट्रीय वेशाची आहे. त्यांच्याबरोबर मुलाखत आहे, चळवळीच्या इतिहासावर लेखी परीक्षा आहे, आणि स्पर्धकाने आपल्या देशात कोणते सामाजिक काम हाती घेतले आहे, हेही पाहिले जाते. २०१० च्या जानेवारीत बीजिंगमध्ये चीनची राष्ट्रीय फेरी व्हायची होती. ती सुरू होण्याच्या जेमतेम तासभर आधी पोलिसांनी बंद पाडली. २०१२ मध्ये जोहान्सबर्गला इथिओपिया आणि नामिबिया येथील स्पर्धक आले, आणि त्या दोन्ही देशांत तेव्हा पुरुषांमधले असे संबंध गुन्हा ठरत होते. निव्वळ करमणूक असती, तर ती थांबवायला पोलीस कशाला आले असते, हे मी गुरुजींना विचारले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी बीजिंगचा प्रसंग पुन्हा सविस्तर सांगायला लावला.

आपल्या देशाची गोष्ट मला अधिक जवळची आहे. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल फिरवला आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे इंग्रजांच्या काळातले कलम ३७७ आमच्या डोक्यावर पुन्हा येऊन बसले. त्या कलमाखाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. पण खटला क्वचितच उभा राहत असे. कलमाचा खरा उपयोग दुसरेच लोक करीत, आणि त्यांतल्या दोघांशी माझी गाठ पडली. निकालानंतरच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी ज्याला भेटायला गेलो होतो, त्याच्या पाठोपाठ दोघे जण आले, आपण साध्या वेशातले पोलीस आहोत असे म्हणाले, आणि माझ्या बोटातली वडिलांची अंगठी व खिशातले चार हजार रुपये घेऊन गेले. ते पोलीस नव्हते, हे मला दहा मिनिटांत समजले. तरीही मी तक्रार केली नाही. तक्रारीत पहिल्या ओळीला स्वतःचे पूर्ण नाव लिहावे लागते, आणि त्या नावापुढे जे लिहावे लागले असते ते कायद्याने माझ्याच गुन्ह्याची कबुली ठरले असते. वडिलांना मी अंगठी हरवली असे सांगितले. त्यांनी दोन दिवस न्हाणीघरातल्या मोरीचे भोक तारेने साफ करून शोध घेतला.

त्याच वर्षी, २०१४ मध्ये, सुशांत दिवगीकर यांची 'मिस्टर गे इंडिया' म्हणून निवड झाली, आणि रोमच्या स्पर्धेतील त्यांचे छायाचित्र मी छापखाना बंद झाल्यावर तेथल्या संगणकावर पाहिले. (पुढे राणी कोहिनूर या नावाने हेच व्यक्तिमत्त्व मंचावर अधिक प्रसिद्ध झाले.) माझे काम मुद्रितशोधनाचे, कोणत्याही चित्रात माझे लक्ष आधी अक्षरांकडे जाते. पट्ट्यावर देशाचे नाव होते. ज्या देशाचा कायदा आम्हाला गुन्हेगार म्हणत होता, त्या देशाचे नाव आमच्यातल्या एकाने उजळ माथ्याने लावले होते, आणि खाली स्वतःचे नाव, आडनाव, शहर सगळे छापलेले होते. मी तक्रारीच्या कागदावर जे लिहू शकलो नव्हतो, ते तेथे जगाला वाचता येत होते. त्या रात्री मी छायाचित्रासमोर किती वेळ बसलो होतो, ते मला सांगता येणार नाही.

आपण सीमाभागातली माणसे आहोत, म्हणून ही गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा लवकर समजावी असे मला मनापासून वाटते. १९५६ पासून आपण फलकावरच्या अक्षरांसाठी, मराठी परिपत्रकांसाठी, सातबारा आपल्या भाषेत मिळावा म्हणून अर्ज लिहीत आलो आहोत. 'तुम्ही आहात तरी किती,' हे वाक्य आपण प्रत्येक कचेरीच्या खिडकीशी ऐकले आहे, आणि हक्क डोकी मोजून देत नसतात, हे उत्तर आपल्या वडीलधाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दिले आहे. २०१३ च्या निकालातही समलिंगी लोक देशाच्या लोकसंख्येत अगदी नगण्य आहेत, असे कारण पुढे केले होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने तो निकाल रद्द केला, सज्ञान व्यक्तींच्या संमतीने होणाऱ्या संबंधांना कलम ३७७ मधून वगळले, आणि संख्येचा हा युक्तिवादही नाकारला. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी तर इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबांची क्षमा मागायला हवी, अशा अर्थाचे वाक्य लिहिले. कुटुंबांचीही, हे शब्द वाचताना मला न्हाणीघरात वाकलेले वडील आठवले. ते तेव्हा हयात नव्हते.

हा निकाल कोणत्याही पट्ट्यामुळे लागला नाही. तो वकिलांनी, अर्जदारांनी, एड्सच्या काळापासून वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थांनी वर्षानुवर्षे झगडून मिळवला. स्पर्धांचे काम वेगळे आहे. न्यायालय ज्यांच्याबद्दल बोलते आहे ते कसे दिसतात, कोठून येतात, काय काम करतात, हे त्या दाखवतात. निकालाच्या काही महिनेच आधी दक्षिण आफ्रिकेतल्या नाइस्ना येथे समर्पण मैती हे पश्चिम बंगालमधल्या खेड्यातून आलेले, कर्करोगावर संशोधन करणारे तरुण तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले, आणि खेड्यापाड्यांतल्या समलिंगी मुलांविषयी ते सतत बोलत राहिले. पुढच्या वर्षी आपल्याच राज्यातले, बेंगळुरूचे सुरेश रामदास भारताकडून गेले. खानापूर किंवा निपाणीच्या मुलाला महानगरातल्या तारकेपेक्षा हे दोघे जवळचे वाटतात, हे मी माझ्याकडे बोलायला येणाऱ्या मुलांच्या तोंडून ऐकले आहे.

या स्पर्धांवर माझेही आक्षेप आहेत. व्यायामशाळेत घडवलेले शरीर, अस्खलित इंग्रजी आणि परदेशी जाण्यापुरते पैसे नसलेल्या मुलाला तेथे जागा मिळणे कठीण आहे. विणकराच्या किंवा तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्याच्या मुलाने ते सगळे आणायचे कोठून? स्त्रियांच्या वाट्याला असा मंच जवळपास नाहीच. हे दोष मला खुपतात आणि ते बोलून दाखवायला हवेत.

गुरुजींचा दुसरा मुद्दा असा होता, की हे आपल्या मातीतले नाही. मी त्यांना सौंदत्तीची आठवण करून दिली. यल्लम्माच्या डोंगरावर मार्गशीर्षाच्या पुनवेला कोल्हापूर-सांगलीपासून माणसे लोटतात, आणि साडी नेसलेल्या, डोक्यावर देवीचा जग (मूर्तीची टोपली) घेतलेल्या जोगप्पापुढे, म्हणजे देवीला वाहिलेल्या, स्त्रीवेशात राहणाऱ्या भक्तापुढे ओटी पसरतात. जोगप्पांची ओळख आणि माझी ओळख एक नाही, त्यांचे प्रश्नही माझ्याहून कितीतरी कठोर आहेत. परंतु पुरुष कसा असावा याचे एकच माप या मातीने कधी मानले नव्हते, एवढे तरी तो डोंगर दाखवतो. परडीत जोगवा घालणारे हातच त्या जोगप्पाला भाड्याने खोली नाकारतात, ही मात्र आपली लाज आहे. २०२१ मध्ये याच परंपरेतल्या तृतीयपंथी लोककलावंत मंजम्मा जोगती यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी कर्नाटकाने सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांसाठी एक टक्का राखीव ठेवला. त्या बातम्यांचे कात्रण गुरुजींनी स्वतः जपून ठेवले होते, आणि तरीही दोन गोष्टींचा धागा त्यांनी कधी जोडून पाहिला नव्हता.

पुष्कळ काही व्हायचे आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला आणि विषय संसदेवर सोपवला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर, तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या, नऊ लग्नपत्रिकांची मुद्रिते होती. 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' यांच्या पुढची नावे मी एकेक करून तपासली, एका ठिकाणी वेलांटी चुकली होती ती दुरुस्त केली. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा सावकाश काम केले.

दिवाळीत वहिनीला मी यातले बरेचसे सांगितले. ती अथणीच्या माहेरची आहे. सगळे ऐकून घेतल्यावर तिने विचारले की, आपल्या भागातला मुलगा तेथे गेला तर देशाचा वेश म्हणून काय घालेल. मी म्हटले, धोतर, फेटा, जे त्याला आवडेल ते.

"पायात मात्र अथणीचंच पायताण पाहिजे, भावजी," ती म्हणाली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडच्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यांत आपला जिल्हा आहे, याचा तिला अभिमान आहे.

दादा आत वर्तमानपत्र वाचत बसले होते. या विषयावर ते माझ्याशी इतक्या वर्षांत एक शब्द बोललेले नाहीत. पान न उलटता ते आतूनच म्हणाले, "फेटा मी बांधून देतो की. कापड तेवढं आठ मीटर आणा म्हणावं."