तीस सेकंद

ट्रिगर दाबला, ‘टक्’ आवाज आला, गोळी सुटलीच नाही.

आज सकाळी नागपुरातल्या आमच्या नेमबाजीच्या रेंजवर शेजारच्या पोरीचं नवंकोरं पॉइंट टू-टूचं (०.२२ इंची) पिस्तूल असंच मधूनमधून दगा देत होतं. तिच्या बाबांनी लगेच हात पुढे केला, “आण बरं इकडं, पाहू दे.”

सरांनी तिथंच थांबवलं. “काका, मागंच राहा. बेटा, नळी टार्गेटकडेच धर. तीस सेकंद.”

काडतुसातली दारू कधीकधी उशिरा पेट घेते. तेवढ्यात कुणी नळीत डोकावलं तर काय होईल, या विचारानं मला अजूनही धस्स होतंय.

मग सरांनी पिस्तूल रिकामं करून ते काडतूस निरखलं. पॉइंट टू-टूच्या काडतुसाचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो; ट्रिगर दाबल्यावर पिस्तुलातली पिन तिथंच आदळायला हवी. पिनचा ठसा खोल असता तर संशय काडतुसावर गेला असता. इथं तो जेमतेम उमटला होता. गंज लागू नये म्हणून कारखान्यात लावलेलं ग्रीस पिनच्या वाटेत थिजलेलं! ते साफ केल्यावर पिस्तूल नीट चाललं.

काका म्हणाले, “एवढे पैसे मोजले सर, मंग हे बी आपणच साफ कराचं काय?”

हेच मला दिवसभर टोचतंय. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतनं २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. आपल्या पोरी या खेळात येताहेत, मनापासून आनंद आहे. पण पिस्तूल हातात देताना ही अर्ध्या तासाची शिकवणी कुणीच का देत नाही?

तुमच्या रेंजवर आईबाबांनाही हे शिकवतात का?