सीट किती वर असावी

दुपारी जेवण झाल्यावर आडवं पडून व्यायामाचं पुस्तक वाचणं हा माझा जुना छंद आहे. व्यायाम करणं हा नाही. त्यातही पुस्तक सायकल शर्यतीच्या तयारीचं हवं आणि जुनं हवं. किती जुनं, तर फोटोतल्या खेळाडूंच्या डोक्यावर हेल्मेट नसून कापडी टोपी असावी आणि ब्रेकच्या वायरी हँडलवर कमान करून उभ्या असाव्यात, इतपत. अशी पाच-सहा पुस्तकं माझ्या उशाशी असतात. त्यातल्या एकाही वेळापत्रकाप्रमाणे मी आठवडाभरसुद्धा सायकल चालवलेली नाही.

परवा त्यातलंच एक चाळताना सीटच्या उंचीपाशी थांबलो. हा मजकूर मी पन्नासदा तरी वाचला असेल. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांत थोडं अंतर ठेवा, पुठ्ठ्याच्या बांधणीचं एखादं पातळ पुस्तक मांड्यांमध्ये धरून वर सरकवा, सीटवर बसल्याइतका दाब जाणवला की पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. पन्नासदा वाचलं, केलं एकदाही नव्हतं. त्या दुपारी काय झालं कोण जाणे, उठलो. हाताशी पुस्तक तेच. म्हणजे सूचना वाचायलाही तेच आणि मांड्यांत धरायलाही तेच. पुढची ओळ बघायला ते बाहेर काढायचं, वाचायचं, पुन्हा जागेवर सरकवायचं. बायकोने दारातून पाहिलं आणि काहीही न विचारता दार ओढून घेतलं.

जमिनीपासून खुणेपर्यंत एक्क्याऐंशी सेंटीमीटर.

पुढे गणित. १९६७ साली हॅम्ली आणि थॉमस या दोघा ब्रिटिश संशोधकांनी सांगितलं, की खाली गेलेल्या पेडलपासून सीटपर्यंतचं अंतर या मापाच्या १०९ टक्के ठेवा. माझं आलं ८८.३. त्यातून क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्याच्या टोकाला असतं त्याचे, सतरा वजा केले की उरले ७१.३. वीस वर्षांनी, १९८७ साली, ग्रेग लेमाँड या अमेरिकन शर्यतपटूच्या पुस्तकात वेगळाच गुणाकार आला: तेच माप गुणिले ०.८८३, आणि मोजायचं क्रँक ज्याभोवती फिरतो त्या आसाच्या मध्यापासून. उत्तर ७१.५. दोन देश, दोन पद्धती आणि फरक दोन मिलिमीटरचा! मला उगाचच भरून आलं. मग टेप घेऊन सायकलपाशी गेलो. माझी सीट होती साडेएकोणसत्तरवर.

म्हणजे इतकी वर्षं मी दोन सेंटीमीटर खाली बसत होतो.

याचं मूळ मला ठाऊक आहे. मी सायकल शिकलो तेव्हा सीट ही बसायची वस्तूच नव्हती, काखेत धरायची होती. मोठ्या माणसांची सायकल, तिच्या आडव्या दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालायचा, डावा हात हँडलवर, उजव्या काखेत सीट, आणि अर्ध्या अर्ध्या पेडलवर खुटुक खुटुक करत जायचं. त्या कातडी सीटचा घामट वास अजून नाकात आहे. पुढे दांडीवर चढलो, मग सीटवर, पण पाय पुरायचे नाहीत. पेडल खाली गेलं की सगळं अंग त्या बाजूला ओघळायचं, मग दुसऱ्या बाजूला. काका मागे सीट धरून पळायचा आणि एकच सूचना द्यायचा, "खाली बघू नकोस." त्याने सीट कधी सोडली ते अर्थातच कळलं नाही, कारण मी खाली बघत होतो आणि थेट कुंपणात गेलो. पुढे स्वतःची सायकल आली तेव्हा पहिल्याच दिवशी सीट खाली घेतली. थांबल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत, बस्स.

फ्रान्सेस विलर्ड या अमेरिकन सुधारक बाई त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या. सायकलचं नाव त्यांनी ग्लॅडिस ठेवलं आणि १८९५ साली त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्रेपन्नाव्या वर्षी पडायला जी छाती लागते ती माझ्याकडे सातव्या वर्षीही नव्हती.

पण खरी मजा हुकमी पुस्तकांची. ही पुस्तकं विनंती करत नाहीत. ‘झोपा’, ‘उठा’, ‘मालिश करा’, ‘मग पुन्हा झोपा’. वाचणाऱ्याला दुसरं काही काम असेल ही शंका लेखकाला शिवलेली नसते. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे आंरी देग्रांज, पुढे १९०३ साली तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत सुरू करणारा. १८९३ साली त्याने पॅरिसमध्ये एका तासात ३५.३२५ किलोमीटर सायकल चालवून विक्रम केला आणि त्याच दशकात तरुण शर्यतपटूंना कानपिचक्या देणारं पुस्तक लिहिलं. होतकरू खेळाडूला बाईची गरज न धुतलेल्या पायमोज्यांइतकीच, असं त्यात त्याने बजावलं होतं म्हणतात. हे मी बायकोला सांगितलेलं नाही.

१९७२ साली रोममधून इटलीच्या ऑलिंपिक समितीच्या क्रीडा प्रशाळेने सायकलिंगवर एक जाडजूड पुस्तक काढलं. त्याच वर्षी मेक्सिको सिटीत बेल्जियमच्या एडी मर्क्सने त्या एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापले. जुन्या पुस्तकांत भर पडत जाते ती अशी, चौदा किलोमीटरना एकोणऐंशी वर्षं.

चुकाही भरपूर. पाणी पिणं ही जणू चारित्र्यातली खोट. १९६०च्या दशकापर्यंत शर्यतीत जमेल तितकं कमी पाणी प्यायचा सल्ला सर्रास दिला जायचा. त्याच्या कितीतरी आधी व्हेलोसिओ नावाचा फ्रेंच सायकलवेडा सांगून गेला होता, की तहान लागण्याआधी प्या आणि भूक लागण्याआधी खा. तो शर्यतवाला नव्हता, नुसता भटक्या. म्हणून असेल, शर्यतवाल्यांनी ऐकलं नाही.

आणि गिअरचे ते इंच! पुढे ४२ दाते, मागे १८, चाक २७ इंची, तर गिअर ६३. कसले ६३? पूर्वी पुढचं चाक राक्षसी आणि मागचं वाटीएवढं अशा सायकली असत, पेडल थेट पुढच्या चाकालाच. त्या सायकलचं चाक ६३ इंची असतं तर पेडलच्या एका फेऱ्यात जेवढी ती पुढे गेली असती, तेवढे तुम्ही जाता. ती सायकल शतकापूर्वीच संपली. पण हिवाळ्यात फ्रीव्हील (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारं चक्र) काढून साठ-पासष्टच्या गिअरवर पाय मोकळे करा, असं पुस्तक सांगतं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे शर्यतपटू येतच नाहीत. त्या उंच चाकावर टोपी सांभाळत बसलेला मिशीवाला येतो. हल्लीच्या घड्याळात वॅट दिसतात. वॅटला मिशी नाही.

मी मनापासून पाळतो तो नियम एकच. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून न उठता, मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजायची आणि लिहून ठेवायची. नेहमीपेक्षा बरीच जास्त भरली तर शरीर थकलेलं आहे, त्या दिवशी सायकल बंद. झोपून करायचा हा एकमेव सराव. माझ्याकडे याच्या तीन वह्या भरल्या आहेत. नेहमीचा आकडा चौसष्ट.

तर सीट. बोल्ट ढिला केला, घट्ट बसलेला दांडा पिळून पिळून वर काढला. बदल करायचा तर थोडा थोडा, दोन-तीन मिलिमीटरने करा, हेही पुस्तकात होतं, पण इतक्या वर्षांचा अनुशेष होता. दोन सेंटीमीटर एकदम चढवली आणि निघालो. पहिली दहा मिनिटं राजासारखी गेली. पाय पूर्ण लांब होतोय, रस्ता जरा वरून दिसतोय. मग सिग्नलला थांबलो, जमिनीसाठी पाय खाली सोडला आणि जमीन तिथे नव्हती. सगळं अंग एका बाजूला ओघळलं. परतीच्या वाटेवर गुडघ्यामागची शीर भरून आली.

आता सीट साडेसत्तरवर आहे. हा आकडा कुठल्याच सूत्रात बसत नाही. आज सकाळी नाडी बहात्तर भरली, आठने जास्त. पुस्तकाप्रमाणे विश्रांती.