आमची वाटचाल : १३८ किलोंपासून

१९६०-७०च्या दशकांतल्या रॉक संगीतावरच्या मासिकांचं आणि पुस्तकांचं आमचं दुकान उभं राहिलं ते अकरा खोक्यांवर. ही खोकी मी कचऱ्यातून वाचवली, असं घरी आलेल्या पाहुण्यांना आमचे हे रंगवून सांगतात. तसं काही नाही. मी ती वजनावर विकत घेतली.

२००८ सालची गोष्ट. इंग्लंडात स्विंडनला येऊन आम्हाला चार वर्षं झाली होती. शेजारचे आजोबा इथला रेल्वेचा कारखाना १९८६ साली बंद पडेपर्यंत तिथे फिटर होते. आता घर विकून लेकीजवळच्या छोट्या फ्लॅटमध्ये निघाले होते. गाडीच्या डिकीत खोकी भरून पालिकेच्या कचरा केंद्रावर न्यायची तयारी चालली होती. एका खोक्याचं झाकण उघडं होतं, आत मासिकं. मी कुंपणावरूनच विचारलं, टाकताय का म्हणून. माझे वडील, अण्णा, डोंबिवलीला रद्दीचं दुकान चालवायचे. सातवीपासून मी संध्याकाळी तिथे बसत होते. छापलेला कागद टाकून दिलेला मला बघवत नाही आणि फुकट घेतलेला पचत नाही. बाथरूममधला वजनकाटा आणला, एकेक खोकं त्यावर चढवलं. १३८ किलो भरले. चाळीस पौंड दिले. आजोबा हसत होते, पण घेतले.

आत काय आहे ते कळायला मला सहा महिने लागले. हे संगीत मला कळत नाही, हे इथेच सांगून टाकते. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. तेवढ्यात माझा कुकर होतो. पिंक फ्लॉइड, जेनेसिस, यस ही बँडांची नावं आमच्या ह्यांना कॉलेजपासून पाठ. पण खोक्यांतल्या मासिकांत ती फारशी नव्हतीच. होती ती १९६६ ते ७५च्या दरम्यान एखादी रेकॉर्ड काढून गायब झालेल्या पोरांची. एका लेखात वाचलं की अमुक रेकॉर्डच्या फक्त ९९ प्रती निघाल्या. दुसरीच्याही ९९. मला वाटलं छापताना चूक झाली असेल. मग समजलं की त्या काळी इथे परचेस टॅक्स होता आणि शंभराच्या आत प्रती काढल्या तर तो लागत नसे. केंब्रिजच्या 'फॉरएव्हर अँबर'ची १९६९ सालची 'द लव्ह सायकल' ही अशीच ९९ प्रतींची. १९७३ साली व्हॅट आला नि परचेस टॅक्स गेला. बॅलन्सशीट बघण्यात आयुष्य गेलेल्या बाईला यात गोडी वाटली ती संगीतामुळे नव्हे, करामुळे.

आता ९९ लोकांकडे असलेल्या रेकॉर्डचा इतिहास मोठं वर्तमानपत्र कशाला लिहील? १९७७च्या सुमारास पंक नावाचं छोट्या, आक्रमक गाण्यांचं संगीत आलं आणि संगीताच्या साप्ताहिकांनी या लांबलचक गाण्यांची टिंगल सुरू केली. मग हे काम पत्करलं ते माजघरात बसून मासिक काढणाऱ्यांनी. जात जुनीच. १९६६च्या फेब्रुवारीत अमेरिकेत स्वार्थमोर कॉलेजातल्या सतरा वर्षांच्या पॉल विल्यम्सने 'क्रॉडॅडी' काढलं, सायक्लोस्टाइलवर, दहा पानी. 'रोलिंग स्टोन' या प्रसिद्ध संगीत मासिकाचा जन्म व्हायला अजून पावणेदोन वर्षं होती. इकडे १९६९ साली पीट फ्रेमने 'झिगझॅग' सुरू केलं. कोण कुठल्या बँडमधून फुटून कुठे गेला याच्या वंशावळी तो शाईने हाताने काढायचा. आमच्या गावाकडे भटजींकडे असते तशी, फक्त गोत्राच्या जागी गिटार आणि ड्रम. सॅन डिएगोकडे माइक स्टॅक्सचं 'अग्ली थिंग्ज' १९८३पासून, लेस्टरला फ्रीमन बंधूंचं 'ऑडियन' १९८६पासून. आणि आमच्याच विल्टशायरमधलं, १९८९ साली फिल मॅकमलनने काढलेलं 'टॉलेमिक टेरास्कोप'.

हे अंक दर महिन्याला यायचे असं मुळीच नाही. पैसे जमले, मजकूर जमला की निघायचे. यांना इंग्रजीत फॅनझिन म्हणतात ते मला नंतर कळलं. मराठीत चोख शब्द आधीच आहे, अनियतकालिक. अण्णांकडे दर रविवारी एक प्राध्यापक यायचे, तराजूशेजारच्या ढिगातून 'असो', 'वाचा', 'येरू' असले चिटोऱ्यासारखे अंक हुडकायचे. 'शब्द' मिळालं का, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मुंबईत १९५४ साली सायक्लोस्टाइल करून काढलेलं ते. अण्णांना ते कधीच सापडलं नाही, पण बाकीचे अंक ते वेगळे बांधून ठेवायचे आणि किलोने न देता नगाने द्यायचे. का, विचारलं तर म्हणायचे, 'ज्याला शोधत माणूस चालत येतो, ती रद्दी नव्हे.' स्विंडनच्या त्या खोक्यांसमोर बसून मला या वाक्याचा पहिल्यांदा उपयोग झाला.

पहिला अंक मी अठरा पौंडांना विकला. 'टेरास्कोप'चा, आतल्या सात इंची रेकॉर्डसकट. हे मासिक बऱ्याचदा सोबत छोटी रेकॉर्ड द्यायचं. ती जागेवर असली तर एक भाव, नसली तर अर्ध्याहून कमी. हे मला ठाऊक नव्हतं, घेणाऱ्यानेच प्रामाणिकपणे सांगितलं. सगळ्या खोक्यांचे दिले होते चाळीस, आणि एका अंकाचे आले अठरा. दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी आजोबांच्या नव्या पत्त्यावर दीडशे पौंड आणि डबाभर चकल्या घेऊन गेले. पैसे त्यांनी घेतले, चकल्या संपवल्या आणि कुठल्या अंकात काय आहे ते तीन तास तोंडपाठ सांगितलं. मी वहीत उतरवून घेतलं. आमची सूची ती हीच.

धंदा खरा चालला तो या सूचीवर. गिऱ्हाईक येतं ते मासिकाचं नाव घेऊन नाही. त्याला हवा असतो एखादा बास गिटारवाला, जो १९६८ साली एका सिंगलवर, म्हणजे छोट्या रेकॉर्डवर, वाजवून नंतर शाळामास्तर झाला आणि ज्याला या मासिकवाल्यांनी टेलिफोन डिरेक्टरीतून शोधून काढून वीस पानं बोलतं केलं. ती वीस पानं नेमक्या कुठल्या अंकात आहेत, हे सांगणारं माणूस हवं असतं. वहीची एक्सेल झाली, बँडच्या नावावरून, माणसाच्या नावावरून, गावावरून. आज तिच्यात चौदा हजारांवर नोंदी आहेत. त्यातलं एकही गाणं मी पुरतं ऐकलेलं नाही.

पुस्तकांचं गणित निराळं. व्हर्नन जॉयन्सनचा 'टॅपेस्ट्री ऑफ डिलाइट्स' १९९५चा, ब्रिटनमधल्या १९६३ ते ७६च्या बँडांचा कोश, हातात घेतला की दळणाचा डबा उचलल्यासारखं वाटतं. फ्रीमन बंधूंचा जर्मन रॉकवरचा कोश १९९६चा. पॅट्रिक लुंडबोर्ग या स्वीडिश माणसाने २००६ साली 'द अ‍ॅसिड आर्काइव्ह्ज' काढलं, अमेरिकेतल्या अनाम रेकॉर्डांवर. २०१४ साली तो गेला, त्यानंतर त्या पुस्तकाबद्दल विचारणा वाढली. ज्युलियन कोपचं १९९५चं जर्मन रॉकवरचं छोटं पुस्तक बरीच वर्षं छापाबाहेर आहे, आणि खिशात मावेल एवढ्या त्या पुस्तकाला कोशापेक्षा जास्त पैसे मोजणारी माणसं मी पाहिली आहेत. वजनाचा आणि किमतीचा संबंध नाही, हे रद्दीवाल्याच्या मुलीला पटायला वेळ लागला.

आता आमचा मूर्खपणा. सगळा माल गॅरेजमध्ये होता, खोकी थेट जमिनीवर. २०१४च्या जानेवारीत दक्षिण इंग्लंडात विक्रमी पाऊस झाला. पाणी आत शिरलं नाही, फक्त लादी पाझरली. महिनाभराने खालचं खोकं उघडलं तर आर्ट पेपरचे अंक एकमेकांना चिकटून त्यांची वीट झालेली. गुळगुळीत कागदावरचा लेप ओला झाला की डिंकासारखा धरतो. सोडवायला गेलं की शाईसकट पान सोलून येतं. गंमत म्हणजे शेजारच्या खोक्यातले १९८०च्या दशकातले साध्या झेरॉक्स कागदावरचे, दोन पिना मारलेले अंक दोरीवर वाळत घातले आणि टिकले. पिना गंजल्या, एवढंच. शंभर-सव्वाशे अंक गेले. अण्णांना फोनवर सांगितलं. ते काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, 'पाट घातले नव्हतेस?' डोंबिवलीच्या दुकानात मे संपायच्या आत गठ्ठ्यांखाली वीतभर उंचीचे लाकडी पाट जायचे. मी स्वतः उचललेले. इथे परदेशात येऊन मी ते विसरले.

दुसरा फटका माझ्या चुकीचा नव्हता. तोवर आम्ही एका अमेरिकन मासिकाच्या नव्या अंकाच्याही दोनशे प्रती मागवू लागलो होतो. त्यातल्या एकशे वीस एका घाऊक वितरकाला दिल्या, विकल्या तर पैसे, नाही तर माल परत, या बोलीवर. सहा आठवड्यांनी हिशेब आला : विकल्या पन्नास, उरलेल्या सत्तर लगद्याला. परत का नाही पाठवल्या, तर 'जुना अंक झाला'. मासिकाच्या धंद्यात हे रीतसर चालतं म्हणे. पुढचा अंक आला की आधीचा मेला. आमच्याकडे उलट आहे. अंक निघतो तेव्हा तो नुसता नवा असतो, संपतो तेव्हा त्याला गिऱ्हाईक लागतं. त्या सत्तर प्रती मी आजपर्यंत हळूहळू विकल्या असत्या. त्यानंतर मी वितरकाला माल दिलेला नाही.

पाकिटं अजून मीच बांधते. दोन पुठ्ठे घ्यायचे, एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पोस्टमनने कितीही दुमडलं तरी वाकत नाही. मध्ये अंक, रेकॉर्ड असेल तर ती वेगळ्या पाकिटात, नाहीतर मुखपृष्ठावर गोल उमटतो. मग दारामागे टांगलेल्या प्लास्टिकच्या मापपट्टीच्या फटीतून सरकवून बघायचं. अडीच सेंटिमीटरच्या आत आणि ७५० ग्रॅमच्या आत असेल तर लार्ज लेटर, एक केस जाड झालं तर पार्सल, म्हणजे खर्च वाढला. संपादक लोक अभिमानाने पानं वाढवतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. 'फ्लॅशबॅक' नावाचं मासिक २०१२ साली दोनशेच्या आसपास पानांचं निघालं. सुरेख. पण पुठ्ठे घातल्यावर त्या फटीतून ते सरकेना.

ब्रेक्झिटबद्दल थोडक्यात. आमचं निम्मं गिऱ्हाईक जर्मनी, नेदरलँड्स, इटलीत. ब्रिटनमध्ये छापील पुस्तक-मासिकावर व्हॅट शून्य, तिकडे प्रत्येक देशाचा वेगळा. १ जुलै २०२१पासून बावीस युरोंच्या आतल्या पाकिटाची सवलतही गेली आणि नऊ युरोंच्या अंकासाठी लोकांना पोस्टमनच्या हातात कर आणि वर हाताळणी खर्च ठेवावा लागला. काहींनी पाकीट परत पाठवलं. २०२४च्या डिसेंबरात तिकडे उत्पादनांच्या सुरक्षेचे नवे नियम आले, युरोपात आपला जबाबदार माणूस नेमा. मासिकापासून कुणाला काय इजा होणार, हे मी त्यांना विचारणार होते. मग ती वीट आठवली आणि गप्प बसले. आता महिन्यातून एकदा एकत्र खोकं जातं, तिकडचा एक जुना गिऱ्हाईक ते फोडून वाटतो. त्याला त्याबद्दल हवा तो अंक मिळतो, रोख काही नाही.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाईकाने माझं आडनाव वाचून विचारलं, सिमला बीटचं काही आहे का? मला वाटलं हिमाचलमधलं काही असेल. निघालं मुंबईचं. सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी भारतभरच्या बँडांची स्पर्धा व्हायची, १९७० आणि ७१च्या रेकॉर्डही निघाल्या, आणि अंतिम फेरी किंग्ज सर्कलच्या षण्मुखानंदमध्ये! त्याच सभागृहात आईने मला नाटकाला नेलं होतं. सिद्धार्थ भाटिया यांचं या काळावरचं 'इंडिया सायकेडेलिक' २०१४ साली आलं, ते मी मागवून वाचलं, आमच्या दुकानातलं मी पूर्ण वाचलेलं बहुधा हे एकच पुस्तक. त्या पोरांच्या बातम्या छापणारं कलकत्त्याचं 'जेएस', म्हणजे 'ज्युनियर स्टेट्समन', १९६७ ते ७७ चाललं. अण्णांना फोन लावला, जेएस आठवतंय का? लगेच आठवलं. 'इंग्रजी ना? मराठीपेक्षा भाव बरा मिळायचा. आतली पोस्टरं सलूनवाले न्यायचे, बाकीचं लगद्याला.'

किती, हे मी विचारलं नाही.

तर डोंबिवली, दादर, गिरगाव, पुणे, कुठेही, कुणाच्या माळ्यावर जेएसचे गठ्ठे असतील, षण्मुखानंदच्या त्या कार्यक्रमाची छापील पत्रिका असेल, कॉलेजच्या बँडने सायक्लोस्टाइल केलेलं काही असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत खाली काढाल तेव्हा आधी आम्हाला कळवा. पिना गंजलेल्या चालतील. भाव नगाने देऊ.