डोमिसाईल आणि ब्रायन अ‍ॅडम्स

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज पण डोमिसाईल झालं नाही. सकाळी भांडुपहून छत्री, फाईल आणि लेक असं सगळं घेऊन निघालो, अडीच तास लाईनीत उभे, आणि खिडकीवरच्या मॅडम म्हणतात, सातवी-आठवी सुरतला कशी काय? अहो कशी काय म्हणजे, माझी बदली झाली होती, पोरगी काय इथे एकटी राहणार होती? जन्म परळचा, पणजोबांपासून सगळे लालबागचे, पण 15 वर्षांच्या पुराव्यात ती दोन वर्षं फट पाडून बसलीयेत.

लाईनीत पुढच्या काकांचा (काका कसले, माझ्याच वयाचे) फोन वाजला आणि रिंगटोन चक्क कॅनडाच्या ब्रायन अ‍ॅडम्सचं समर ऑफ सिक्स्टी नाईन. आमच्या कॉलेजात ज्याच्याकडे गिटार तो हेच वाजवणार, मी पण धोबी तलावावरून सेकंडहँड गिटार आणून पहिलं हेच बडवलं होतं, चाळीत खालच्या आजी विचारायच्या पोटात दुखतंय का रे.

तर उभ्या उभ्या आठवलं की ब्रायन अ‍ॅडम्सचं पण असंच डोमिसाईल अडकलं होतं. खरंच. कॅनडात रेडिओवाल्यांना ठरावीक टक्के गाणी कॅनडाचीच लावायला लागतात, आणि गाणं कॅनडाचं की नाही हे ठरवायला चार रकाने, संगीत, कलाकार, रेकॉर्डिंग, शब्द, त्यातले किमान दोन भरायला हवेत. 1984 च्या त्याच्या रेकलेस अल्बमला काही त्रास नाही, कारण बरोबर लिहायला जिम व्हॅलन्स, तो पण तिथलाच. (हा अल्बम आला 5 नोव्हेंबरला, म्हणजे साहेबांच्या पंचविसाव्या वाढदिवसाला.) मग पार्टनर बदलला, मट लँग आला, तो बाहेरचा, रेकॉर्डिंग पण बरंचसं इंग्लंडात. 1991 ला त्यांच्या नव्या अल्बममधलं रॉबिन हूड पिक्चरवालं गाणं ब्रिटनमध्ये सलग 16 आठवडे एक नंबरला, जगभर लग्नात वाजतंय, आणि घरी निकाल काय, तर संगीत आणि शब्द बाहेरच्यांबरोबर मिळून लिहिलेले म्हणून दोन्ही अर्धवट, रेकॉर्डिंग बाद, कलाकार तेवढा पास. चारपैकी एक. गाणं कॅनेडियन नाही! जन्म ओंटारियोतल्या किंग्स्टनचा, वडील कॅनडाचे डिप्लोमॅट, आता बोला.

मला तेव्हा तो जाम चिडला होता हे वाचून गंमत वाटलेली, एवढे पैसे मिळवतोस, एक शिक्का नाही मिळाला तर काय बिघडलं? आज त्या खिडकीसमोर नाही वाटली गंमत. अर्धं अर्धं मिळून एक होतं हे तिसरीतलं पोरगं सांगेल, पण रकान्यात अर्धं लिहायला जागाच नसते ना.

येताना ट्रेनमध्ये लेकीला सगळं सांगितलं. हेडफोन काढून ऐकलं, हेच विशेष. मग म्हणाली, "मग त्याला मिळालं का शेवटी?" म्हटलं, नियमच बदलला नंतर, बाहेरच्याबरोबर मिळून लिहिलं तरी आपल्याचा वाटा निम्मा असला की चालतं. तर म्हणते, "बाबा, तुम्ही पण चिडा ना मग."

शुक्रवारी परत जायचंय. सुरतच्या शाळेचं बोनाफाईड आणि माझं बदलीचं पत्र, हे दोन कागद हवेत. पत्र बहुतेक माळ्यावर आहे, गिटारच्या कव्हरमध्ये.